शुक्रवारचा दिवा

१६ फेब्रुवारी
एव्हीमोअरजवळ, स्कॉटलंड

सोलोमन,

शालोम लिहिणार होते, पण माझ्याकडून तो घ्यायचा नसेल तर राहू दे. फोन तू उचलत नाहीस. बातमी कळली त्या पहिल्या दिवशी तू मला जे बोललास त्यानंतर मीही ठरवलं होतं की आता आपणहून करायचा नाही. तो राग टिकला नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाचा फोटो वहिनीच्या फोनवर जाईल आणि ती तो तुला मोठ्याने वाचून दाखवील, तसं तिने कबूल केलं आहे. तेव्हा चष्मा सापडत नाही ही तुझी नेहमीची सबब चालणार नाही.

झॅकरी अजून सापडलेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निदान शांतपणे ऐकशील.

वॉटफर्डचं घर बंद करून मी इथे येऊन राहिले आहे. मिसेस मॅकफी नावाच्या बाईंकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. एकीत मी, एकीत माझी पोर हॅनाह. मँचेस्टरच्या ऑफिसने तिला रजा दिली आहे, कधीपर्यंतची ते तेही विचारत नाहीत आणि तीही सांगत नाही. माझ्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. मी खुर्ची फिरवून घेतली आहे, तरी मान तिकडेच जाते.

तू विचारलंस, तुझ्या भरवशावर शिकायला पाठवला होता, त्याला बर्फात कोणी धाडला? कोणी धाडला नाही रे. इस्राएलच्या वाळवंटात, दिमोनात वाढलेल्या तुझ्या मुलाने इथे येईपर्यंत बर्फ पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. हॅनाह गेली दहा वर्षं या डोंगरांत हिंडते आहे, तो तिच्यामागे लागला. मला म्हणायचा, "आत्या, ही वाळूच आहे. फक्त पांढरी. वारा तेच काम करतो." त्यात तो चुकला नव्हता. वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ खरवडून नेतो आणि धारेपलीकडे, आडोशाला, थापून ठेवतो. वरून तो घट्ट दिसतो. पण खाली आधीचा बर्फ जाड साखरेसारखा सुटा झालेला असतो, त्याला हा वरचा थर धरतच नाही. माणसाच्या वजनाने वरची अख्खी लादी सुटते. चौसष्टाव्या वर्षी हे सगळं मला पाठ झालं आहे, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही.

झालं ते असं. ती दोघं शुक्रवारी दुपारी डोंगराच्या पायथ्याच्या एका हॉस्टेलवर पोहोचली. शनिवारी शब्बाथचा विसावा, तुझा मुलगा गाडीत बसणार नव्हता, म्हणून दारातूनच चालायला सुरुवात करता येईल अशी जागा त्यानेच शोधली होती. शनिवारी सकाळी ती निघाली. इकडे डोंगराच्या कुशीत वाटीसारखी खोलगट जागा असते, तिला कोरी म्हणतात. त्या कोरीच्या काठाने त्यांना पलीकडे जायचं होतं. त्या दिवशीचा हिमकडे कोसळण्याचा इशारा पाच पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीचा होता, म्हणजे जा पण जपून. हॅनाहने वाटेत खड्डा खणून थर तपासले. तिथला बर्फ बरा होता. पण पुढे शंभर पावलांवर वाऱ्याने वेगळंच काही रचून ठेवलं होतं, आणि ते वरून दिसत नाही. असा उतार एकेकाने ओलांडायचा असतो, दुसऱ्याने थांबून पाहत राहायचं. हॅनाह आधी गेली. ती पलीकडे खडकापाशी उभी राहिली आणि तिने त्याला हात केला. तो मध्यावर आला तेव्हा त्याच्या वर, त्याच्या डोक्याच्याही वर, बर्फाला एक रेघ पडली. हॅनाह म्हणते, त्याने ती रेघ पाहिली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

दोघांच्या छातीवर ट्रान्सीव्हर होते. हातात मावेल एवढं यंत्र असतं. चालू असलं की त्यावर एक दिवा लुकलुकतो आणि ते सारखी खूण सोडत राहतं. कोणी गाडला गेला तर दुसऱ्याने आपलं यंत्र 'शोध'वर करायचं, मग ते बीप वाजवत, बाण दाखवत गाडलेल्यापर्यंत नेतं. हॅनाहने केलं. खूण आली नाही. मदतीला माणसं आली, कुत्री आली, लांब काठ्या खुपसून झाल्या. मग वादळ आलं, वरून आणखी बर्फ कोसळला, आणि शोध थांबवावा लागला.

खूण का आली नाही, ते कोणाला माहीत नाही. यंत्रंच ती, बिघडतात.

सिमाताई


२ मार्च

सोलोमन,

वहिनी म्हणते, पत्र वाचताना तू उठून गेला नाहीस. बरं वाटलं. जेवणाचं ताट मात्र तसंच परत जातं म्हणाली.

इथे पुन्हा बर्फ पडला. काल मोराग आली होती. ती शोधपथकाची मुख्य आहे, एरवी शाळेत भूगोल शिकवते. ती म्हणाली की कोरीच्या तळाशी ओढ्याची घळ आहे, सगळा बर्फ तिच्यात जाऊन बसला आहे, तिथे काठी तळापर्यंत पोहोचत नाही. वरचा उतार पुन्हा भरला आहे, म्हणून माणसं खाली उभी करता येत नाहीत. वाट पाहावी लागेल. मी विचारलं, कशाची? तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. उन्हाची, आणखी कशाची.

रोज संध्याकाळी उद्याचा इशारा जाहीर होतो, तो मी वाचते. वारा नैर्ऋत्येचा, ईशान्येच्या उतारांवर नव्या लाद्या. धारेवर बर्फाचे छज्जे. पूर्वी मी संध्याकाळी मालिका पाहायचे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. परवा वहिनी जिन्यात जाऊन माझ्याशी हळू आवाजात बोलली. म्हणाली, सिनेगॉगमध्ये तू प्रार्थना म्हणवायला उभा राहत नाहीस. बावीस वर्षं तुझा आवाज ऐकलेली माणसं घरी आली, त्यांना तू सांगितलंस, माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने माझा मुलगा गेला. तेव्हा मला कळलं की त्या शुक्रवारी दुपारी झॅकरीने तुला फोन केला होता. उद्या शब्बाथ, आणि हे यंत्र तर विजेचं, चालू करू का, असं त्याने विचारलं. तू सांगितलंस की सूर्य मावळायच्या आत चालू कर आणि मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत त्याला हात लावू नकोस. वहिनी म्हणते, आता तू दिवसभर तोच हिशेब करतोस. शुक्रवार दुपारपासून ते चालू, त्यात इतकी थंडी, बॅटरी उतरली असणार. मी सकाळी चालू कर म्हणालो असतो तर मुलगा आज असता.

सोल्या, बॅटरी आठवडाभर चालते. मी मोरागला दोनदा विचारलं. एका रात्रीच्या थंडीने तिला काही होत नाही. तुझ्या शब्दाने काही झालेलं नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. मग खूण का आली नाही, असं तू विचारशील. ते मला विचारू नकोस.

रब्बींनी तुला सांगितलं आहे की देह सापडेपर्यंत, किंवा घरच्यांनी आशा सोडेपर्यंत, सात दिवसांचं सुतक धरता येत नाही. आणि आशा तर तू सोडत नाहीस. म्हणजे शोकही नाही आणि जगणंही नाही. असं किती दिवस काढणार?

ठाण्याच्या घरातला आईचा शुक्रवार आठवतो? दिवा लावला की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. तेल संपलं की तो आपला आपण विझेल. शेजारचे विचारायचे, सिमाच्या आई, दिवसाढवळ्या दिवा का जळतो हो? लग्न होऊन इकडे आले आणि मी ते सगळं सोडलं. हिवाळ्यात इथे चारला अंधार पडतो, ह्यांच्या शिफ्टा, विजेचं मीटर. माझ्या घरात उलटाच कायदा झाला. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. हॅनाहला मी लहानपणी त्यासाठी चापटी मारली आहे.

मिसेस मॅकफींनी जेवायला बोलावलं आहे. थांबते.

सिमाताई


२३ मार्च

सोलोमन,

आठवडाभर ऊन होतं. ओढ्याचं पाणी वाढलं, लोक म्हणाले सुटेल आता. मग परत गोठलं. वितळून गोठलेला बर्फ दगडासारखा होतो, त्यात कुदळसुद्धा शिरत नाही. माणसं येऊन परत गेली.

एक गोष्ट घडली ती सांगते. हॅनाहने स्वतःचा ट्रान्सीव्हर खिडकीत ठेवला आहे, डोंगराकडे तोंड करून. 'शोध'वर. मी एकदा म्हटलं, बाळ, इतक्या लांबून त्याला काय कळणार? म्हणाली, "आय नो, मम्मा." आणि बॅटरी बदलली. ते यंत्र गप्प बसून असतं. सकाळी चहा पिताना तिकडे पाहायचं नाही असं मी ठरवते, आणि पाहते.

मंगळवारी दुपारी मी माझा फोन चार्जिंगला लावला, त्याच खिडकीत. हॅनाह न्हात होती. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, आणि यंत्र वाजलं. बीप. पुन्हा बीप. सोल्या, माझ्या हातातली सुरी कुठे पडली ते मला आठवत नाही. मी खोलीत पोहोचेपर्यंत हॅनाह ओल्या केसांनी, अंगात नुसता टॉवेलचा झगा, अनवाणी, यंत्र छातीशी धरून दाराबाहेर गेली होती. अंगणात बर्फ होता. ती डोंगराच्या दिशेने धावत होती, आणि काय म्हणत होती ते मला ऐकू येत होतं. मराठीत म्हणत होती, आले, आले, थांब.

फोन यंत्राजवळ असला की यंत्र फसतं, खोटी खूण दाखवतं. मोरागने आम्हांला हे सांगितलेलं होतं. मला तिच्यामागे जाऊन कुंपणापाशी तिला धरून सांगावं लागलं की तो माझा फोन होता. माझ्या मुलीच्या चेहऱ्याला तेव्हा जे झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाही.

आता माझा फोन पावाच्या पत्र्याच्या डब्यात असतो. तरीही मला कधी कधी ते ऐकू येतं. भांडी घासताना, बसमध्ये. मी नळ बंद करून उभी राहते. काही नसतं. आपल्या आजीला जसं मेलेल्या गाईचं हंबरणं ऐकू यायचं आणि आपण हसायचो, तशी मी झाले आहे.

हॅनाहला तुझ्याशी बोलायचं आहे. रोज म्हणते, मामाला फोन लाव. मी लावत नाही. ती हट्ट धरते तेव्हा मी म्हणते, आधी झॅकरी सापडू दे. काल ती म्हणाली, "मम्मा, तू मला प्रोटेक्ट नाही करत. तू मला बंद करून ठेवतेस." मी तिला गप्प बस म्हटलं. तिला काय बोलायचं आहे ते विचारू नकोस, सोलोमन. लहान असताना तू माझ्या मुठीत काय आहे ते बोटं उघडून पाहायचास. तेवढं या वेळी करू नकोस.

एलियाहू हन्नाबीला मी मलिद्याचा नवस बोलले आहे. आपल्याकडे लोक परीक्षेसाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी बोलतात. मी बोलले, मुलगा नुसता सापडू दे. मागताना माझी मलाच शिसारी आली, पण मागितलं.

सिमाताई


२५ एप्रिल

वहिनी, हे मोठ्याने वाचू नकोस. पुढे डोळेही फिरवू नकोस. फोन त्याच्या हातात दे, चष्मा शोधून दे, आणि तू आत चहा ठेवायला जा.

सोलोमन,

काल सापडला हे तुला पोलिसांनी कळवलंच आहे. मोराग आमच्या दारात आली आणि तिने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, तेव्हाच आम्हांला कळलं. घळीतला बर्फ खालून पाण्याने पोखरला होता, तिथे तो होता. ओळख पटवायला मी गेले. चेहरा शांत होता वगैरे लोक सांगतात तसं मी सांगणार नाही. झॅकरी होता. त्याच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तुझ्या वतीने ठेवला.

यंत्र त्याच्या छातीवर होतं, पट्टे नीट बांधलेले. ते बंद होतं. तुटलेलं नाही, बॅटरी उतरलेली नाही. खटका बंदवर होता. हे पोलिसांच्या कागदात येईल आणि तो कागद तुझ्याकडे येईल. मी तुला ओळखते. तू तो वाचशील आणि ठरवशील की मुलाला शुक्रवारी उशीर झाला, सूर्य मावळला, आणि मग बापाच्या धाकाने त्याने यंत्राला हात लावला नाही. मग तू उरलेला जन्म तसाच काढशील.

खोटं का बोलू, आज दुपारपर्यंत मी तसंच होऊ द्यायचं ठरवलं होतं. एकीकडे भाऊ, एकीकडे पोटची पोर. पोरीचं आयुष्य पुढे आहे, भाऊ काय, म्हातारा झालाच आहे, असा सरळ विचार मी केला. पण तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलास. तुझं ओझं मला ठाऊक असताना तुला ते वाहू द्यायचं, हे मला जमेना.

तर ऐक. तुझ्या मुलाने तुझं ऐकलं होतं. सूर्य मावळायच्या आत त्याने यंत्र चालू केलं आणि हॉस्टेलमध्ये आपल्या पलंगाशेजारच्या फळीवर ठेवलं. मग तो खाली जाऊन द्राक्षाच्या रसावर किद्दूशची प्रार्थना म्हणायला बसला, आणि इतर मुलांना त्याने ते समजावूनही सांगितलं. हॅनाह काहीतरी आणायला वर गेली होती. तिला फळीवर दिवा लुकलुकताना दिसला. तिला वाटलं, विसरला वेडा, बॅटरी फुकट जाते आहे. तिने तो बंद केला. जाता येता आपण खोलीतला दिवा बंद करतो तसा. खाली येईपर्यंत ती ते विसरलीसुद्धा.

त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं की तो मुद्दाम चालू ठेवला आहे. त्याला वाटलं असेल, आपल्या घरातली मुलगी, शुक्रवारी लावलेल्या दिव्याला हात लावायचा नाही हे हिला काय सांगायचं? आणि माझ्या घरात तिने तसा दिवा कधी पाहिलाच नव्हता.

सकाळी त्याने, चालूच आहे असं धरून, खटक्याला हात न लावता यंत्र छातीवर बांधलं आणि वर जॅकेट घातलं. तिने त्याला बांधताना पाहिलं, तिला वाटलं चालू केलं असेल. निघताना दाराशी एकमेकांची यंत्रं तपासायची असतात, एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने समोरून चालत जायचं. तिने दर वेळी केलं आहे. त्या दिवशी बाहेर वारा होता, आणि तिच्या मनात आलं, आज याचा शब्बाथ आहे, याला यंत्राच्या भानगडीत कशाला पाडू. त्याचा मान राखायला म्हणून तिने ते सोडलं.

खाली उतरून ती बर्फावर यंत्र धरून फिरत होती, आणि ते वाजत नव्हतं, तेव्हा तिला फळीवरचा दिवा आठवला. कोणाला विचारायचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा पोलीस ठाण्याच्या बाकावर तिने मला सांगितलं. "मम्मा, मी बंद केला. आय थॉट तो विसरला." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो मी आजपर्यंत उचलला नव्हता.

तुझा शब्द बरोबर होता, सोलोमन. तुझ्या शब्दाप्रमाणे राहिलं असतं तर खूण आली असती. मी तुला दुसरं काही देऊ शकत नाही, आणि हे देताना माझी मुलगी तुझ्या हातात देते आहे. ती झॅकरीबरोबर दिमोनाला येते आहे. मीही येणार होते. ती म्हणाली, तू आलीस तर तूच बोलशील. खरं आहे ते. तिला एकटीला तुमच्या समोर बसायचं आहे. तिला काय बोलायचं, की काहीच बोलायचं नाही, ते तू ठरव. दाराबाहेर उभी केलीस तरी मी तुला विचारणार नाही. फक्त तिला उन्हाची सवय नाही.

सिमाताई


१४ मे
वॉटफर्ड

सोल्या,

तुझ्याच घरात घडलेलं तुलाच सांगायला बसले आहे. तू सांगणार नाहीस, वहिनी सांगताना रडते, आणि हॅनाहने फोनवर जे सांगितलं ते मला एकदा लिहून पाहायचं आहे.

ती म्हणाली, विमानतळावर तू तिच्याशी बोलला नाहीस. दफनाच्या वेळी मात्र फावडं तिच्या पुढे सरकवलंस. घरी तू सुतकाला खाली बसलास, ती भिंतीकडे उभी राहिली, तेव्हा वहिनीने तिच्यासाठीही बुटका स्टूल आणला आणि तू नाही म्हणाला नाहीस. लोक येत होते, जात होते, उकडलेली अंडी आणि पाव. चार दिवस तू तिला एक शब्द बोलला नाहीस. तिला वाटलं, हेच आपलं उत्तर, आणि ते बरोबर आहे.

शुक्रवारी वहिनीने दिवे लावले. हॅनाह म्हणते, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कुठल्याही खटक्याजवळून जाताना ती हात पाठीमागे बांधून जात होती.

शनिवारी चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, लोक गेले. मग तू कपाटातून झॅकरीचं यंत्र काढलंस. पोलिसांनी सामानाबरोबर पाठवलेलं, त्याच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं. टेबलावर नव्या बॅटरी ठेवल्यास आणि म्हणालास, "दाखव." झाकण तिला निघेना, ते तुलाच काढावं लागलं. तिने खटका दाखवला, तो तू स्वतः सरकवलास. दिवा लुकलुकायला लागला. मग विचारलंस, "तुझं आणलंयस?"

तिने आणलं होतं. एवढे महिने ते तिने कधी स्वतःपासून लांब ठेवलेलं नाही. तू झॅकरीचं यंत्र घेऊन आत निघून गेलास आणि दार लोटून घेतलंस. वहिनी तिला म्हणाली, जा की.

तिने आपलं यंत्र 'शोध'वर केलं. आणि ते वाजलं, सोल्या. या वेळी तिथे फोन नव्हता. बाण उजवीकडे वळला, ती उजवीकडे गेली. आकडा कमी होत गेला. ती म्हणते, मम्मा, माझ्या पायाखाली फरशी आहे हे मला समजत नव्हतं, मी बर्फावरच होते. तिने दार ढकललं. तू झॅकरीच्या पलंगावर बसला होतास, यंत्र छातीशी धरून. तू म्हणालास, "ये. बस."

पुढे किती वेळ गेला ते तिला माहीत नाही. तुम्ही दोघं काय बोललात ते तिने मला सांगितलं नाही आणि मी, माझं नाव सिमा असूनही, विचारलं नाही. एवढंच म्हणाली की मामा खूप रडले आणि मग त्यांना भूक लागली.

झोपायला तू तिला तीच खोली दिलीस. यंत्र फळीवर ठेवलंस, चालूच. तिने विचारलं, मामा, बंद करायचं नाही? तू म्हणालास, राहू दे. सकाळी तिचा मला फोन आला, आवाज अगदी लहानपणीचा. रात्रभर दिवा लुकलुकत होता म्हणाली. झोप लागली का विचारलं तर म्हणाली, लागली, आणि मग म्हणाली, "मी हात नाही लावला, मम्मा."

काल मी इथे मलिदा केला. पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर घातली, पाच फळं मांडली. प्रार्थना म्हणायला पुरुष माणूस नव्हता, मीच म्हटली, तुझ्या चालीवर, जमली तशी. या शनिवारी तू उभा राहणार आहेस असं वहिनी म्हणाली. उभा राहा.

खिडकीतून इथे फक्त शेजाऱ्यांचं गॅरेज दिसतं. बीप मला अजून ऐकू येतं, पण आता मी नळ बंद करत नाही.

त्या यंत्राची बॅटरी आठवडाभर चालते. संपत आली की कळव. मी इकडून पाठवते.

तुझी,
सिमाताई